ओल्ड फॅशन्ड: ओकच्या पिंपात मुरलेली बिअर

ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करायला चार जिनसा पुरतात: बर्बन किंवा राय व्हिस्की, साखर, बिटर्सचे दोन-तीन शिडकावे आणि संत्र्याच्या सालीचा पीळ. याच कॉकटेलवर बेतलेली, व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली बिअर हा अमेरिकी क्राफ्ट ब्रुअऱ्यांचा एक खास प्रकार आहे. या बिअरमध्ये व्हिस्की ओतलेली नसते. व्हिस्की आधी ज्या पिंपात होती, त्याच्या लाकडातून तिची चव उतरते. साखरेचे काम माल्टची गोडी करते. म्हणजे अर्धे कॉकटेल पिंपात बिअर भरतानाच तयार असते, आणि ब्रुअरच्या हाती उरतात ती संत्र्याची साल आणि बिटर्सचे मसाले. या दोन गोष्टी बेताने वापरण्यातच सगळे कसब आहे.

कॉकटेलची पहिली छापील व्याख्या १८०६ सालची मानली जाते. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या पत्राने ती एका वाचकाच्या शंकेला उत्तर म्हणून दिली होती: कोणतेही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. पुढे बारटेंडर त्यात मराश्चिनो, ॲब्सिंथ अशी भर घालू लागले. जेरी टॉमस या बारटेंडरच्या पाककृतींच्या पुस्तकाच्या १८७६च्या आवृत्तीत अशी 'इम्प्रूव्ह्ड' कॉकटेले आहेत. ज्यांना ही सजावट नको होती, ते ग्राहक जुन्या पद्धतीचे साधे मिश्रण मागू लागले. केंटकीतील लुइव्हिलच्या पेंडेनिस क्लबात हे कॉकटेल जन्मले, असे सर्रास सांगतात. मात्र तो क्लब १८८१चा, आणि 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये जुन्या पद्धतीच्या कॉकटेलांचा उल्लेख १८८० सालीच आढळतो. ओल्ड फॅशन्डमध्ये पडणारे अँगोस्टुरा बिटर्स तर त्याहून जुने. दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यसेनानी बोलिव्हार याच्या सैन्यातील जर्मन डॉक्टर योहान सीगर्ट यांनी १८२४ मध्ये व्हेनेझुएलात पोटाच्या विकारांवर तयार केलेले ते औषध होते.

पिंपांचा पुरवठा होतो तो एका कायद्यामुळे. अमेरिकी नियमानुसार बर्बन ही निदान ५१ टक्के मक्यापासून झालेली असावी लागते आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप डिस्टिलरीला पुन्हा बर्बनसाठी घेता येत नाही. साधारण २०० लिटरची अशी असंख्य पिंपे दरवर्षी रिकामी होतात आणि स्कॉटलंडच्या व्हिस्कीकडे, कॅरिबियन रमकडे आणि ब्रुअऱ्यांकडे जातात.

लाकूड असते अमेरिकी पांढऱ्या ओकचे. या झाडाच्या रसवाहिन्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे फळ्यांतून द्रव झिरपून जात नाही. पिंप बांधून झाले की आतून आग लावून त्याचा पृष्ठभाग कोळसा होईपर्यंत जाळतात. सर्वांत गडद जळितात हा थर मगरीच्या पाठीसारखा भेगाळतो. कोळशाच्या मागच्या लालसर भाजक्या थरात चवीचा खरा साठा असतो. लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होते, हेमिसेल्युलोजपासून कॅरॅमलची चव येते, ओकच्या लॅक्टोनमुळे ओल्या खोबऱ्याचा वास येतो, आणि युजेनॉल तर लवंगेत असते तेच. म्हणून बिटर्समधला मसाला ब्रुअरने घालायच्या आधीच त्याची थोडी चाहूल लाकडाने दिलेली असते. याशिवाय वर्षानुवर्षे लाकडात जिरलेली काही लिटर व्हिस्की हळूहळू बिअरमध्ये उतरते आणि अल्कोहोलचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढवते.

बर्बनच्या पिंपात बिअर मुरवण्याची प्रथा रुजली ती शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीमुळे. ब्रूमास्टर ग्रेग हॉल यांची एका भोजनप्रसंगी जिम बीम या बर्बनच्या घराण्यातील बुकर नो यांच्याशी गाठ पडली आणि त्या ओळखीतून पिंपे मिळाली. त्यांत भरलेल्या इम्पीरियल स्टाउटचे नाव बर्बन काउंटी स्टाउट. ब्रुअरी तिचे साल १९९२ सांगते, तर पुरावे तपासणारे १९९५च्या बाजूला झुकतात. साल कोणतेही असो, ती ग्लासात आली तेव्हा परीक्षकांना तिच्यासाठी विभागच सापडेना. आज बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या नियमावलीत लाकडात मुरवलेल्या बिअरचा स्वतंत्र वर्ग आहे.

स्टाउट पिंपात छान मुरते, पण ओल्ड फॅशन्डसाठी ती फारशी सोयीची नाही. काळ्या भाजलेल्या माल्टची कॉफीसारखी चव संत्र्याच्या सालीला झाकून टाकते. त्यापेक्षा बार्लीवाइन ही दमदार बिअर किंवा कडक राय एल हा पाया जास्त जमतो: तांबूस-तपकिरी रंग, टॉफीची गोडी आणि १० ते १३ टक्के अल्कोहोल. राय धान्य मिरीसारखा तिखटपणा देते, पण ब्रुअरला छळतेही. त्यातील चिकट बीटा-ग्लुकॅनमुळे मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेले भरडलेले धान्य, खिरीसारखा घट्ट होतो आणि रस गाळला जात नाही. मॅश मोकळा राहावा म्हणून त्यात भाताचे तूस मिसळतात.

आंबवण पूर्ण झालेली बिअर पिंपात जाते. पिंप नुकते रिकामे झालेले हवे, कारण सुकलेल्या फळ्या आक्रसतात आणि गळू लागतात. आत कार्बन डायऑक्साइड भरून हवा बाहेर काढतात, मग वरच्या भोकातून बिअर सोडतात आणि बूच ठोकतात. त्यानंतर सहा महिने ते वर्षभर ती तशीच राहते. चव पाहायला मात्र बूच उघडायचे नाही, कारण प्रत्येक वेळी आत हवा शिरते. त्याऐवजी पिंपाच्या चपट्या तोंडाला छोटे भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकलेला असतो. पकडीने तो ओढला की बिअरची बारीक धार थेट ग्लासात येते, आणि घोटभर मिळाली की खिळा पुन्हा जागच्या जागी. ही युक्ती रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झो यांच्या नावाने ओळखली जाते.

शेजारशेजारची दोन पिंपेही सारखी चव देत नाहीत. एकात खोबरे पुढे येते, दुसऱ्यात नुसती तुरट फळी. म्हणून शेवटी मिश्रण करावे लागते. कॅलिफोर्नियातील फायरस्टोन वॉकर ब्रुअरी वर्धापनदिनाच्या बिअरसाठी आसपासच्या वाइनकारांना बोलावते, आणि प्रत्येक गट निरनिराळ्या पिंपांतल्या बिअर मोजून मिसळत आपापले प्रमाण ठरवतो. लाकडात जिवाणूही दडून बसतात. गूस आयलंडने २०१५च्या काही बॅचमध्ये लॅक्टोबॅसिलसमुळे आंबटपणा आल्यावर २०१६च्या सुरुवातीला ग्राहकांना पैसे परत देऊ केले आणि पुढे पाश्चरीकरण सुरू केले. त्यामुळे थोडी चव जाते अशी कुरकूर होते, पण इतक्या महाग बाटलीत आंबट बिअर निघण्यापेक्षा ते बरेच म्हणायचे.

संत्र्याची साल पिंपात घालत नाहीत. तिचा वास लिमोनीन या उडून जाणाऱ्या तेलाचा, त्यामुळे ती अखेरच्या टाकीत, थोड्याच दिवसांसाठी, कापडी पिशवीत बांधून सोडतात. सालीची फक्त वरची नारिंगी पापुद्री घ्यायची, खालचा पांढरा भाग कडू. बिटर्ससाठी जेन्शियन मुळी, दालचिनी, लवंग, वेलची यांचा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात. आधी १०० मिलिलिटर बिअरमध्ये थेंबाथेंबाने तो घालून चव ठरवतात आणि मग त्या हिशेबाने टाकीत घालतात. मसाला कमी वाटला तर वाढवता येतो, जास्त झाला तर सगळी टाकी वाया. ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी कॉकटेलचे इतिहासकार डेव्हिड वॉन्ड्रिच यांच्या सल्ल्याने मॅनहॅटन आणि 'इम्प्रूव्ह्ड ओल्ड फॅशन्ड' यांवर बेतलेल्या बिअर काढल्या, त्यांत रायच्या पिंपांचाच आधार होता. बारटेंडिंगचा जुना ग्रंथ जाणणारा माणूस आणि ब्रुअर एकत्र बसले, हेच त्या प्रयोगांचे बळ.

ही बिअर थंडगार प्यायची नाही. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली की ती १२ ते १४ अंशांवर येते आणि वास मोकळे होतात. ग्लास खालून फुगीर आणि वर निमुळता हवा, आणि त्यात १०० मिलिलिटरच ओतावी. फेस थोडाच येतो आणि लवकर बसतो. एवढ्या अल्कोहोलात हे अपेक्षितच. आधी ग्लास न हलवता हुंगावा: पहिल्यांदा संत्र्याची साल आणि व्हॅनिला येतात. मग ग्लास फिरवला की टॉफी, ओले खोबरे आणि लाकूड. घोट जिभेवर क्षणभर ठेवावा आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडावा. लवंग-दालचिनी तेव्हाच नीट कळतात. चांगल्या बिअरमध्ये माल्ट आधी कळते, मग पिंप, आणि कॉकटेलची आठवण सर्वांत शेवटी होते. पहिल्याच घोटाला दालचिनीचा काढा जाणवला, तर ब्रुअरचा हात सैल सुटला असे समजावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली, व्हिनेगरची झणझण म्हणजे जिवाणू, आणि घसा जाळणारा कडकपणा म्हणजे मुरायला वेळ कमी पडला. शेरीसारखी किंचित सुक्या मेव्याची चव मात्र दोष नव्हे.

१२ टक्क्यांच्या ३५५ मिलिलिटर बाटलीत ३० मिलिलिटरच्या तीन व्हिस्की पेगांपेक्षा थोडे अधिक अल्कोहोल असते. ती तिघा-चौघांत वाटून घ्यावी. सोबत जुने चेडर चीज किंवा भाजलेले बदाम चालतात; फार गोड पदार्थ माल्टची गोडी फिकी पाडतात. नुसती पिंपात मुरलेली स्टाउट अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवून पाच-सहा वर्षे टिकते, पण संत्र्याची साल घातलेली ओल्ड फॅशन्ड बिअर इतकी थांबत नाही. सालीचा वास वर्षभरात विरू लागतो, आणि मागे फक्त लाकूड व मसाला उरतो. म्हणून ती विकत घेतल्यावर पहिल्या वर्षातच उघडावी.