चेनसॉच्या सायलेन्सरला धूर वळविणारी पन्हळ

कुरखेडा व आसपासच्या तालुक्यांत धानाच्या बांध्या आणि जंगल एकमेकांस लागून आहेत. धुऱ्यावरील वाळलेली बाभूळ, वादळाने पडलेला मोह अथवा मालकीच्या शेतातील साग कापण्यासाठी पूर्वी कुऱ्हाड व दोन माणसांची करवत लागे. आता हे काम पुष्कळ ठिकाणी पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीने, म्हणजे चेनसॉने, केले जाते. त्यायोगे वेळ व श्रम वाचतात. परंतु हे यंत्र विस्तवासारखे तापते, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पानगळीपासून पावसाळा लागेपर्यंत जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर असतो. याच दिवसांत मोहफुले वेचली जातात व तेंदूपाने तोडली जातात. म्हणून सायलेन्सरमधून निघणारा ऊन धूर कोणत्या दिशेस जातो, हा प्रश्न केवळ यंत्राच्या मालकाचा नसून सबंध गावाचा आहे.

सायलेन्सरचे कार्य

चेनसॉचे इंजिन दोन स्ट्रोकचे असते. त्याच्या प्रत्येक फेऱ्यास एकदा जळका वायू बाहेर पडतो. पूर्ण वेगात इंजिनाचे मिनिटास सुमारे १२,००० फेरे होतात, म्हणजे सेकंदास सुमारे २०० वेळा हा वायू झटक्याने बाहेर येतो. सायलेन्सरच्या डब्यातील आडव्या पत्र्यांवर आदळून त्याचा जोर व आवाज कमी होतो. इंधनातील तेलाचा काही अंश जळून काजळीचे कण बनतात. हे कण सुटले तर त्यांच्याच ठिणग्या होतात. त्यांना अडविण्यासाठी सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी बसविलेली असते. या जाळीचे छिद्र सुमारे ०.६ मिलिमीटर असते.

तोंड मोठे केल्याचे परिणाम

इंजिनास अधिक जोर यावा म्हणून काही कारागीर सायलेन्सरचे तोंड मोठे करतात, दुसरे भोक पाडतात अथवा आतील पत्रा काढतात. वायू मोकळा निघाल्याने जोर काहीसा वाढतो, हे खरे. परंतु त्याबरोबर आवाज वाढतो आणि वायू अधिक ऊन व अधिक वेगाने बाहेर येतो. इंजिनात हवेचे प्रमाण वाढून पेट्रोल व तेल कमी पडते. अशा वेळी कार्बुरेटर पुन्हा जुळविला नाही तर पिस्टन तापून जाम होतो. नव्या भोकाची दिशा चुकली तर झोत प्लॅस्टिकच्या झाकणावर, चालविणाऱ्याच्या हातावर अथवा जमिनीवरील पानांवर पडतो. यास्तव कंपनीने दिलेला सायलेन्सर आहे तसा ठेवणे हेच सर्वांत चांगले. ज्या यंत्रात हा बदल अगोदरच झालेला आहे, त्यास मात्र धूर वळविणारी पन्हळ बसवून घ्यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. पन्हळ धुरास वाट दाखविते. ठिणगी अडविणे हे जाळीचेच काम आहे. पन्हळ बसविली म्हणून जाळी काढून टाकणे धोक्याचे होय. नव्या भोकालाही जाळी हवीच.

पन्हळ कशी असावी

पन्हळीसाठी १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी अथवा स्टेनलेस पोलादाचा पत्रा घ्यावा. जस्त चढविलेला पत्रा वापरू नये; तो तापविल्यास निघणारा जस्ताचा धूर छातीत जाऊन ताप येतो. ॲल्युमिनियम उष्णतेने नरम पडते. कथिलाचा डाक तर मुळीच चालत नाही, कारण कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते.

पन्हळीचे तोंड सायलेन्सरच्या भोकापेक्षा लहान नसावे. उदाहरणार्थ, भोकाचा व्यास १५ मिलिमीटर असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस मिलिमीटर होते. अशा वेळी पन्हळीचे तोंड २० मिलिमीटर रुंद व १० मिलिमीटर उंच, म्हणजे २०० चौरस मिलिमीटर ठेवावे. तोंड अरुंद राहिल्यास वायू आत कोंडतो व इंजिन तापते.

झोताची मुख्य दिशा पुढे, यंत्रापासून व चालविणाऱ्यापासून दूर असावी. तो खाली जमिनीकडे, पेट्रोलच्या टाकीकडे अथवा पुढील मुठीवरील डाव्या हाताकडे नसावा. झाड पाडताना यंत्र आडवे धरले जाते. त्या वेळी बाजूस वळविलेला झोत जमिनीकडे जाऊ शकतो. म्हणून बाजूचा कल अगदी थोडा द्यावा.

करण्याची रीत

१. यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. टाकी रिकामी करावी व स्पार्क प्लगची टोपी काढावी.

२. सायलेन्सर यंत्रापासून सोडवावा आणि इंजिनाचे उघडे भोक स्वच्छ फडक्याने बंद करावे. लोखंडाचा कीस आत गेल्यास पिस्टनवर ओरखडे पडतात. सायलेन्सर यंत्रावर असताना वेल्डिंग कधीही करू नये.

३. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून भोकावर बसवून पाहावा. त्यावरून पत्रा कापावा. दोन्ही कडांस ८ ते १० मिलिमीटरचे पंख ठेवावेत.

४. पत्रा गोल नळीवर ठोकून वाकवावा. कडा कानशीने घासून बोथट कराव्यात.

५. पन्हळ वेल्डिंगने अथवा पोलादी बोल्टने पक्की करावी. बोल्ट हादऱ्याने ढिले होतात, म्हणून स्प्रिंग वॉशर घालावेत. जाळी साफ करण्यासाठी काढता येईल, अशी जागा ठेवावी.

६. डब्यातील कीस झाडून काढावा, फडके आठवणीने काढावे व सायलेन्सर गॅस्केटसह पुन्हा बसवावा.

चाचणी

चाचणी उघड्या, पाने झाडलेल्या जमिनीवर करावी. लांब काठीस सुताचा दोरा बांधून तो झोतापासून काही अंतरावर धरल्यास झोताची दिशा कळते. यंत्र सरळ व आडवे, अशा दोन्ही रीतींनी धरून पाहावे. थोडा वेळ चालवून थंड झाल्यावर प्लॅस्टिक काळवंडले अथवा वितळले आहे काय, हे तपासावे आणि बोल्ट पुन्हा आवळावेत. प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य आहे. पांढरे पडल्यास पेट्रोल कमी पडत आहे, असे समजून कार्बुरेटर जाणकाराकडून जुळवून घ्यावा.

रानात घ्यावयाची काळजी

तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ५० ला १ असे सांगितले असल्यास १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर तेल पुरते. अधिक तेलाने काजळी व ठिणग्या वाढतात. इंधन भरलेल्या जागेपासून निदान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. कापावयाच्या लाकडाभोवतीची पाने आधी झाडून घ्यावीत. तापलेले यंत्र पानांवर न ठेवता उघड्या मातीवर ठेवावे. पाण्याचा डबा व फावडे जवळ असावे. काम संपल्यावर निदान अर्धा तास जागेवर लक्ष ठेवावे. कानांचे रक्षण करणारी साधने अवश्य वापरावीत.

कायद्याचीही जाणीव ठेवावी. मालकीच्या शेतातील साग, मोह यांसारखी झाडे तोडण्यास १९६४ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानगी लागते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत; धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास ते २००९ साली मिळाले. अशा गावांत बांबू व तेंदू हे ग्रामसभेचे उत्पन्न आहे. एका ठिणगीने जळते ते परक्याचे रान नव्हे, स्वतःच्याच गावाचे धन होय.

ग्रामसेवकांनी पानगळीनंतर गावातील चेनसॉ असलेल्या शेतकऱ्यांना एकत्र बोलवावे, प्रत्येक यंत्राची जाळी व धुराची दिशा तपासावी आणि गावच्या लोहारास अथवा वेल्डरास पुठ्ठ्याचा नमुना करून दाखवावा. मूठभर पत्रा व अर्ध्या दिवसाचे काम एवढाच काय तो खर्च आहे.