वावरातल्या एका फोटोत काय काय मावतं

मुकुटबनच्या शिवारात पऱ्हाटी वाढली की शेतकरी मोबाइल घेऊन वावरात उभा राहतो आणि ई-पीक पाहणीचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवण्यासाठीचा, फोटो काढतो. २०२१च्या खरिपापासून राज्यभर हे चालतं. पण त्या क्षणी काय घडतं ते समजून घेतलं, तर थक्क व्हायला होतं. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश हातातला फोन पकडतो, ते यायला लागलेल्या वेळेतला अतिसूक्ष्म फरक मोजतो आणि आपण कोणत्या धुऱ्याजवळ उभे आहोत ते सांगतो.

याच शेतकऱ्याच्या आधार क्रमांकाचं नवल आणखी वेगळं. देशातला पहिला आधार २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. या १२ अंकांत गाव नाही, जात नाही, जन्मसाल नाही. शेवटचा अंक मात्र आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. डच गणिती व्हरहूफ यांची ती रीत. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तरी चूक लगेच पकडली जाते.

म्हणजे नुसता क्रमांक मुका आहे. नुसता फोटोही फारसं बोलत नाही आणि सातबारा तर कोणीही पाहू शकतो. खरी किमया जोडण्यात आहे. शेतकरी ओळख क्रमांकामुळे जमीन आधारला जोडली जाते, बँक खातं आधारला, मोबाइल खात्याला. हे सगळं ज्याच्या हाती एकत्र पडेल, त्याला न भेटता कळेल की या माणसाची कपाशी किती एकर आहे, वेचणी कधी येईल, हाती पैसा कधी असेल आणि नड कधी असेल. बियाणं, कर्ज, विमा विकणाऱ्याला याहून मोलाचं काय हवं? भामट्यालाही तेच हवं असतं.

पण कायदाही थोडा आपल्या बाजूने आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपल्याला माहितीचे मालक म्हटलेलं नाही, पण हक्क दिले: माझं काय साठवलं ते विचारण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा, संमती मागे घेण्याचा. संमती मागणारी सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे, हेही त्यात आहे. मला ही तरतूद सगळ्यात मोठी वाटते. जे वाचताच येत नाही त्याला दिलेला होकार कसला? या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

तोवर थांबायचं कारण नाही. आधारची झेरॉक्स देण्याऐवजी, चालेल तिथे, फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्या. अंगठ्याचा ठसा बदलून मिळत नाही, म्हणून आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. त्याच घटकेला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा.