पडदा काळा, दोष मेमरीला

व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स बसवताना पडदा काळा पडला किंवा इन्स्टॉलरची बटणं ८०० × ६०० च्या चौकटीबाहेर गेली, की पहिला सल्ला ठरलेला: व्हिडिओ मेमरी वाढवा. हिशेब वेगळंच सांगतो. १९२० × १०८० चं एक पूर्ण चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट धरून, जेमतेम ८ एमबीत मावतं. १६ एमबी त्याला पुरते. बिघाड बहुधा आभासी ग्राफिक्स कार्ड आणि आतल्या प्रणालीचा ड्रायव्हर यांचं न जुळण्यात असतो. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये आधी व्हीएमएसव्हीजीए कंट्रोलर निवडलेला आहे का ते पाहावं, थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन बंद करावं आणि तरीही अंधारच असेल, तर बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ (रोमन लिपीत, सलग) जोडावं. त्याने रिझोल्यूशन घटतं, पण बसवण्यापुरतं चालून जातं.

‘मेमरी वाढवली आणि काम झालं’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. फोर-के पडद्याला सुमारे ३२ एमबी लागते, थ्रीडीला आणखी. इन्स्टॉलरला मात्र यातलं काहीच लागत नाही. बटण दिसत नसेल तर ऑल्ट, ग्नोम असल्यास सुपर, दाबून खिडकी माउसने वर ओढावी.