दोर बदलला, गाठही बदलावी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय थोडा निराळा, पण रोजच्या उपयोगाचा घेतला आहे. शिवारफेरीला निघालो की दोर सगळीकडे दिसतो. गोठ्यात, बंडीवर, विहिरीवर, पाण्यातल्या मोटरीला, ट्रॉलीवर. दोर चांगला, पैसे मोजून आणलेला असतो. गाठ मात्र सगळीकडे एकच. एकावर एक चार निरगाठी मारायच्या आणि वर सांगायचे, "लय मजबूत आहे साहेब, सुटतच नाही!" ट्रॉलीवरची अशी गाठ शेवटी विळ्याने कापावी लागते आणि दर खेपेला दोर हातभर आखूड होतो.

असे का होते ते आधी पाहू. आपल्या वऱ्हाडात पूर्वी अंबाडी पाण्यात कुजवून तिचा वाख काढीत आणि त्याचे दोर वळीत. केकतीचेही दोर असत. मातंग समाजातील कारागिरांचा तो पिढीजात हातखंडा. पोळ्याला बैलाला नवी वेसण, नवा कासरा त्यांच्याच हातचा लागे. हा दोर खरखरीत असतो. गाठ टिकते ती दोराने दोराला दाबून धरल्यामुळे, म्हणजे घर्षणामुळे. खरखरीत दोरात कशीही मारलेली गाठ धरून राही. ऊसतोड मजूर वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधतात, तिथे तर धड गाठही नसते, टोक नुसते खोचलेले असते. तरी मोळी सुटत नाही, कारण वाढेच खरबरीत.

आता बाजारात मिळतो तो बहुतेक प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा नाहीतर नायलॉनचा दोर. तो हलका आहे, पाण्यात कुजत नाही, स्वस्तही पडतो. पण तो गुळगुळीत आणि ताठर आहे. अंबाडीच्या दोराला चालणारी गाठ त्यात हळूहळू सरकते, किंवा ताणाने अशी आवळते की बोटांनी सुटत नाही. दोर बदलला, हाताची सवय तीच राहिली, आणि नुकसान होते ते इथे.

गाठी शेकड्यांनी आहेत. अमेरिकेतल्या क्लिफर्ड अ‍ॅशले यांनी १९४४ साली गाठींवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात ३,८०० हून अधिक गाठी क्रमांक घालून मांडल्या आहेत. शेतकऱ्याला त्यातल्या चार-पाच आल्या तरी बास.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गाठ म्हणजे न सरकणारा फासा. खलाशी लोक हिला बोलाइन म्हणतात, स्काउटमध्ये गेलेल्या मुलांना ती शिकवतात. या गाठीचा फासा जेवढा ठेवला तेवढाच राहतो, ओढ बसली तरी अंगाला आवळत नाही, आणि काम झाल्यावर सहज सुटते. रीत अशी. दोराचे लांब टोक झाडाला बांधलेले आहे असे समजा. मोकळ्या टोकापासून दीड-दोन हात सोडून दोराचे एक लहान वेटोळे करा. वेटोळे करताना मोकळ्या टोकाकडचा दोर वर आणि झाडाकडचा दोर खाली राहिला पाहिजे. आता मोकळे टोक त्या वेटोळ्यातून खालून वर काढा, झाडाकडे जाणाऱ्या दोराच्या मागून वळसा द्या आणि पुन्हा त्याच वेटोळ्यातून खाली घाला. आम्ही मुलांना सांगतो की नाग वारुळातून निघाला, झाडाला वळसा घालून परत वारुळात शिरला. मग दोन्हीकडून ओढून गाठ बसवायची. प्लास्टिकच्या दोरात टोक वीतभर तरी शिल्लक ठेवावे आणि त्याची एक साधी गाठ बाजूच्या दोरावर मारावी. नाहीतर दोर ढिला पडून हलत राहिला की गाठ उकलते. विहिरीत मोटर टांगताना हाच फासा घालावा.

ही गाठ पाठ पाहिजे ती विहिरीसाठी आणि त्याहून जास्त शेततळ्यासाठी. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हापासून आपल्या भागात शेततळी वाढली. तेव्हाच्या योजनेतले मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, म्हणजे पाणी जवळपास दोन पुरुष. पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद अंथरतात. ओल्या कागदावर शेवाळ धरते आणि पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा काठाशी येऊन पुन:पुन्हा खाली घसरतो. त्याला काढायला दुसरा उडी घेतो आणि तोही अडकतो. असे दुहेरी अपघात महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाले आहेत, लेकरांचे तर जास्तच.

उपाय अगदी स्वस्त आहे. तळ्याच्या प्रत्येक बाजूला काठावर एक मजबूत खुंट पक्का रोवावा. त्याला जाड दोर बांधून तो उतारावरून पाण्यात सोडून ठेवावा. दोराला दर हातभर अंतरावर एक साधी गाठ मारावी, म्हणजे ओल्या हाताला पकड मिळते. टोकाला बोलाइनचा मोठा फासा ठेवावा, बुडणाऱ्याचा हात किंवा बगल त्यात अडकते. या कामाला आम्ही पॉलिप्रोपिलीनचाच दोर सुचवू. तो पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. शिवाय जुन्या टायरची हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून काठावर ठेवावी. कोणी पडल्यास उडी न घेता ती फेकावी. पॉलिप्रोपिलीन उन्हाने मात्र खराब होते. दोरावर बोट फिरवले आणि पांढरी भुकटी हाताला लागली की तो दोर काढून टाकावा, मग तो दिसायला कितीही धडधाकट असो. तळ्याला कुंपण हवेच, ते वेगळे सांगायला नको.

विहिरीत माणूस उतरवताना किंवा वर काढताना कमरेला सरकफास कधीही घालू नये. माणसाच्या वजनाने तो आवळतो आणि श्वास कोंडतो. फासा न सरकणारा पाहिजे आणि तो काखेखालून पाहिजे.

हेच ढोरांना लागू आहे. गळ्यातल्या दाव्याला सरकफास असला आणि रात्री वासरू खुंट्याभोवती फिरून अडकले, तर सकाळी ते गेलेले सापडते. गळ्यात बोलाइनचा फासा घालावा आणि चार बोटे सहज जातील एवढी जागा ठेवावी. खुंट्याकडचे टोक मात्र सुरगाठीने बांधावे. दोर खुंट्याला वेढून गाठ मारताना टोक पूर्ण ओढून न घेता त्याची दुमड ओढून घ्यायची, बुटाच्या नाडीसारखी. टोकाला हिसका दिला की जनावर मोकळे. गोठ्याला आग लागली तर निरगाठ सोडत बसायला वेळ नसतो. काही बैल हुशार असतात, टोक तोंडाने ओढून मोकळे होतात. अशा बैलाचे टोक लांब ठेवून त्याच्या तोंडापासून दूर, खुंट्याच्या पलीकडे न्यावे.

दोन दोर जोडायचे असतील तर आपण टोकांना दोन गाठी मारतो. पोते किंवा जखमेची पट्टी बांधायला ती सपाट गाठ चांगलीच आहे, मात्र उजवे टोक डाव्यावर आणि मग डावे उजव्यावर असे आले पाहिजे. पण ओझे ओढायला दोन दोर त्या गाठीने जोडू नयेत. अ‍ॅशले यांनीही त्याविरुद्ध कडक इशारा दिला आहे. त्याऐवजी विणकरांची गाठ घ्यावी. जाड दोराची दुमड करा. बारीक दोर त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पायांमागून वळसा द्या आणि समोर आणून स्वतःच्याच दोराखालून खोचा. दुमडीखालून नव्हे, हे लक्षात ठेवा. प्लास्टिकच्या दोरात वळसे दोन द्यावेत. नीट पाहाल तर या गाठीची घडण बोलाइनसारखीच आहे. एक हाताला बसली की दुसरी लवकर येते.

आता गळीत हंगामाची गोष्ट. ट्रॉलीवरचा ऊस दोन माणसांनी लोंबकळून दोर ओढला तरी खड्ड्यात आदळून ढिला होतो. मागे सांडलेल्या उसावरून मोटारसायकल घसरते, आणि रात्री ते दिसतही नाही. मालट्रकचे ड्रायव्हर भार आवळतात ती रीत शिकून घ्यावी. दोर पलीकडच्या हुकाला पक्का करून भारावरून अलीकडे आणा. छातीएवढ्या उंचीवर दोराला पीळ देऊन एक वेटोळे करा आणि त्यातून दोराची दुमड ओढून लहान फासा करा. दुमड मोकळ्या टोकाकडच्या दोराची घ्यावी. भाराकडच्या दोराची घेतली तर ताण बसताच फासा मिटतो. मोकळे टोक ट्रॉलीच्या हुकाखालून घेऊन वर त्या फाशातून काढा आणि खाली ओढा. हिशेबाने तिप्पट ओढ मिळायला हवी, प्रत्यक्षात घर्षणात त्यातली बरीच जाते. तरी एका माणसाच्या हाताने दोघांपेक्षा चांगले आवळते. शेवटी दोन अर्धगाठी मारून टोक पक्के करा. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर थांबून एकदा दोर पाहावा, कारण ऊस दबतो आणि दोर सैल पडतो.

गाठ कोणतीही असो, तिथे दोराची ताकद कमी होते. कित्येक गाठींत ती निम्म्यावर येते. म्हणून दोर कामापुरता नव्हे, त्याहून जाड घ्यावा. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर नायलॉनच्या दोराने ओढू नये. नायलॉन रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. त्या कामाला साखळी किंवा तारेचा दोर वापरावा, आणि तेव्हाही ओढीच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

नवीन दोर कापला की टोके लगेच बंद करावीत. प्लास्टिकचे टोक काडीच्या ज्योतीवर धरून वितळवावे आणि गार झाल्यावरच हात लावावा, वितळलेले प्लास्टिक कातडीला चिकटते. अंबाडीच्या दोराचे टोक सुतळीने घट्ट गुंडाळून घ्यावे.