आईने कपड्यावर शिवलेली फिर्याद

फॅशन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून आपल्याकडे हा विषय झटकून टाकला जातो. चळवळीच्या माणसाने तरी तसे करू नये. कोणी काय नेसावे, अंगावर कोणता धातू घालावा, हे जातिव्यवस्थेनेच ठरवून दिले होते. म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे आणि जात सांगणारे दागिने का टाकून द्यावेत, हे मुद्दाम सांगितले. कपडा बोलतो. तो कोणाच्या बाजूने बोलतो, एवढाच प्रश्न.

ब्राझीलची फॅशन डिझायनर झुझू एंजल हिचा कपडा तिच्या मारल्या गेलेल्या मुलाच्या बाजूने बोलला. शिलाई मशीनवर घर चालवलेली ही बाई. पॅरिसची नक्कल न करता ब्राझीलची लेस, शंख-शिंपले, बांबू, रंगीत खडे वापरून तिने नाव कमावले. मुलगा स्टुअर्ट अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि लष्करी हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या डाव्या गटाचा कार्यकर्ता. मे १९७१ मध्ये त्याला उचलले. हवाई दलाच्या तळावर त्याचा कसा छळ झाला, जीपला बांधून धुराच्या नळीशी तोंड ठेवून कसे फरफटवले, हे एका सहकैद्याच्या पत्रातून आईला कळले. सरकारने मात्र अटकच नाकारली. कोर्टात जावे, तर डिसेंबर १९६८ च्या हुकुमाने राजकीय गुन्ह्यांत हेबियस कॉर्पसचा अधिकारच काढून घेतलेला. वकील काय करणार?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झुझूने न्यूयॉर्कला फॅशन शो केला, तोही ब्राझीलच्या वाणिज्यदूताच्या निवासस्थानी. परदेशात देशाची बदनामी केल्याचा ठपका येऊ नये म्हणून ही जागा निवडली, असे सांगतात. खरे असेल तर कायद्याची अशी फट आम्हा वकिलांनाही सुचली नसती! कपड्यांवर लहान मुलाच्या चित्रासारखे भरतकाम होते : रणगाडे, शिपाई, पिंजऱ्यातले पक्षी आणि देवदूत. एंजल म्हणजे देवदूत, ते त्यांचे आडनावच. आपण देवदूत मानत नाही, पण तिथे ते मुलाचे नाव होते, हे समजायला धर्म लागत नाही. ती स्वतः काळ्या वेशात होती.

कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात मृताचे कपडे मुद्देमाल असतात. रंग, फाटलेली जागा, डाग यांची पंचनाम्यात नोंद होते आणि पिशवी सीलबंद होते. नातेवाईक मात्र विचारतात, पोराचा शर्ट परत मिळेल का? कायद्याला जो पुरावा, आईला तीच आठवण. माझे सांगणे एवढेच, की शोक कितीही असला तरी त्या कपड्यांची नोंद झाल्याशिवाय कागदावर सही करू नका. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. साधा गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. आदेश मिळाला जुलै २०२५ मध्ये.

झुझू गप्प बसली नाही. अमेरिकी सिनेटरपासून किसिंजरपर्यंत तिने कागद पोहोचवले. माझे काही बरेवाईट झाले तर मुलाच्या मारेकऱ्यांनीच केले समजा, असे लिहून ठेवले. रिओमध्ये मोटार अपघातात ती गेली, तारीख होती १४ एप्रिल १९७६. आपण इकडे आणीबाणीत भीमजयंती साजरी करत होतो. चौदाच दिवसांनी, २८ एप्रिलला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक मतांनी हेबियस कॉर्पसचे दार बंद केले. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. तो निकाल चुकीचा ठरवायला २०१७ उजाडले.

ब्राझीलच्या सरकारी आयोगाने १९९८ मध्ये झुझूच्या मृत्यूची जबाबदारी राज्ययंत्रणेवर ठेवली. जिथे तिची गाडी उलटली, तिथल्या बोगद्याला आता तिचे नाव आहे. स्टुअर्टचा मृतदेह तिला कधीच मिळाला नाही.