कुंपणाकडेची कंबरमोडी आणि गळणारे भोपळे

वसमतची ओळख हळदीची. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद कंदापासून लावतात, सोयाबीनच्या फुलाचं परागण बहुतेक आपलं आपणच उरकतं. तेव्हा फुलांवर भिरभिरणाऱ्या किड्यांवाचून आपलं काय अडलंय, असं इथल्या कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. परसात मात्र हिशेब बदलतो. भोपळा, दोडका, कारलं यांच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. भोपळ्याच्या मादी फुलाखाली चिमुकला भोपळा आधीपासूनच असतो. नराचे परागकण जड नि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशीच्या अंगाला लागून ते पोचले तर तो भोपळा वाढतो, नाहीतर काही दिवसांत पिवळा पडून गळतो. श्रावणात झड लागली की माशा बाहेर पडत नाहीत, फळं गळतात, आणि ‘वेलाला रोग आला’ म्हणून फवारणी होते. ज्यांची वाट बघायची त्यांच्यावरच औषध!

वेलाला फुलं यायला महिना-दीड महिना जातो. तोवर माशांनी जगायचं कशावर? कुंपणाकडेच्या कंबरमोडीच्या तणावर. तिच्या पिवळ्या बोंडीत पुष्कळ इवली फुलं असतात आणि छोट्या फुलोरी मधमाशीला ती पुरतात. केना या तणाची गोष्ट न्यारी: निळ्या फुलात मध नाहीच, नुसते पिवळे तुरे दाखवून तो पाहुणे बोलावतो. कुणी नाही आलं तरी त्याचं अडत नाही. जमिनीखालच्या न उमलणाऱ्या फुलांतही त्याचं बी धरतं. निंदणाऱ्या बायांना केना पुरून उरतो तो उगीच नाही.

रानफुलं भोपळ्याच्या वाट्याच्या माशा पळवतील, ही शंका खरी. पण भोपळ्याचं फूल पहाटे उमलून ऊन चढताच मिटतं, कंबरमोडीवरची वर्दळ त्यानंतरची. तणावर रोगांचे विषाणू आणि पांढरी माशी तग धरतात, हा आक्षेप त्याहून वजनदार. म्हणून तण वाफ्यात नको, बांधाकडेलाच हवं, आणि बी धरण्याआधी कापायचं. गाजर गवताला मात्र ही सवलत नाही. त्याने खाज-दमा होतो, ते फुलण्याआधीच उपटावं. परदेशी म्हणून नव्हे. कंबरमोडीही मूळची अमेरिकेतलीच.

कुणाला हे पटत नसेल तर पाऊस उघडलेल्या सकाळी नर फूल खुडून त्याचे पराग दोन-तीन मादी फुलांना हाताने लावावेत, बाकीची तशीच सोडावीत. हात लागलेली धरली नि उरलेली गळाली तर कमतरता माशांची. दोन्ही गळाली तर खत, पाणी तपासावं. कोवळ्या फळावर टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब दिसला तर ते काम फळमाशीचं, आणि तिचा बंदोबस्त निराळा.