'मंडळी' म्हणजे कोण?

कीर्तनास उभे राहिल्यावर श्रोत्यांना आम्ही 'मंडळी' म्हणून साद घालतो. मराठी ख्रिस्ती बांधवांतही हाच शब्द रूढ आहे. मात्र त्यांच्याकडे तो 'चर्च' या अर्थी योजला जातो. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोऱ्याची इमारत उभी राहते. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दाचा अर्थ आहे बोलावून जमविलेली सभा. दगडविटांशी त्याचा काही संबंध नाही. नाताळच्या निमित्ताने या एका शब्दाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना पाहावी. देवाला पिता म्हणताना तेथे 'माझा' असे नाही, 'आमचा' असे आहे. एकट्याने दार लावून ती म्हटली तरी बहुवचन सुटत नाही. गायत्री मंत्रातील 'नः' या पदाचेही तसेच आहे. नित्य जप करूनही आपले तिकडे लक्ष जात नाही, ही गोष्ट वेगळी!

परंतु बहुवचन मुखी येणे सोपे, पंक्तीस येणे कठीण. ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर मोडून सर्वांनी वाटून घ्यावयाची, हे प्रभुभोजन. करिंथ नगरातील मंडळीत असे होऊ लागले की, ज्यांच्यापाशी अन्न असे ते आधीच जेवून घेत, आणि ज्यांच्यापाशी काही नसे ते उपाशी राहत. पौलाने पत्र लिहून त्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असा त्याचा निर्वाळा. विधी यथासांग झाला असेल. शेजारी उपाशी राहिला तेथे उपासना भंगली.

हे पत्र प्रथम वाचले तेव्हा आम्ही वरमलो. आमच्या बालपणी काल्याच्या कीर्तनानंतर एकाच हंडीतील काला सर्वांच्या हाती पडे. पुढे पंगत बसताना मात्र कोणी कोठे बसावे, हे न सांगता ठरलेले असे. मोठेपणीही आम्ही ते पाहिले आणि गप्प राहिलो.

येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. संस्कृतज्ञ, कवी आणि कीर्तनकारही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. धर्मांतराविषयी आमचे मत निराळे आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. तथापि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, त्यापुढे आम्ही नम्र होतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात स्थान होते. एका कुंपणाबाहेर पडण्याची एवढी किंमत मोजलेल्या या पुरुषाने दुसरे कुंपण घातले नाही.

१९१९ साली टिळक निवर्तले. दरबार रुजण्यास अवधीच मिळाला नाही. त्यांची भजने मात्र मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून आजही गायिली जातात.